गॅरेज कसे उभे राहते

(दुचाकी वाहनांची दुरुस्ती हा गावोगाव चालणारा व्यवसाय आहे. तो थोड्या भांडवलावर सुरू करता येतो. टिकवणे मात्र अवघड असते. असे गॅरेज कसे सुरू होते, कोठे अडते आणि कसे वाढते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठातील तरुण, त्याचे ग्राहक व जमाखर्चातील रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत.)

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. मुंबईहून आग्र्याला जाणारा मोठा रस्ता याच शहरावरून जातो. इकडे मागांचा खडखडाट, तिकडे रस्त्यावरची वाहतूक. त्यामुळे येथे यंत्र दुरुस्त करणाऱ्या हातांना काम मिळते. कोणाचा हात मागावर बसलेला असतो, कोणाचा ट्रकच्या इंजिनावर, तर कोणाचा मोटारसायकलवर. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कांदा विकायला येतात, तेव्हा येता-जाता गाडीचे एखादे कामही उरकून घेतात.

अशा शहरातल्या एका तरुणाची आपण कल्पना करू. त्याला नाव तुम्हीच द्या. दहावीनंतर त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. नंतर चार वर्षे एका उस्तादांच्या हाताखाली काम केले. आयटीआयमध्ये त्याला इंजिन का चालते हे समजले. उस्तादांकडे ते का बंद पडते हे समजले. गाडी समोर आली की लगेच पाना उचलायचा नाही, आधी मालकाचे ऐकायचे आणि मग इंजिनाचे, ही सवयही त्याला तेथेच लागली.

चार वर्षांनी त्याने स्वतःचे गॅरेज काढायचे ठरवले. उस्तादांनी परवानगी दिली, पण एक गोष्ट बजावली. त्यांच्या गिऱ्हाइकांना घरी जाऊन बोलवायचे नाही. आपण होऊन कोणी आले तर त्याला परतही पाठवायचे नाही. तरुणाने ते मान्य केले. या व्यवसायात उस्ताद आणि शागीर्द अनेकदा एकाच रस्त्यावर बसतात. अडलेला पाना किंवा सुटा भाग एकमेकांकडूनच मागावा लागतो. तेथे बिघडलेले संबंध परवडत नाहीत.

आता पैशांचे पाहू. पगारातून साठवलेले सत्तर हजार रुपये त्याच्याजवळ होते. पन्नास हजारांचे कर्ज त्याने बँकेकडून घेतले. लहान व्यवसायांसाठी केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१५ रोजी प्रधानमंत्री मुद्रा योजना सुरू केली. तिच्या 'शिशु' या गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारण न ठेवता मिळते. म्हणजे आईचे दागिने कपाटातच राहिले. असे एक लाख वीस हजार रुपये जमले. गाळ्याच्या अनामत रकमेत तीस हजार गेले, हत्यारांना चाळीस हजार लागले, हवेच्या लहान कॉम्प्रेसरला पंधरा हजार. वीस हजारांचे सुटे भाग आणि तेल घेतले. उरलेले पंधरा हजार त्याने वेगळे ठेवले. ते का, हे पुढे कळेल.

हत्यारांवर इतका खर्च कशाला, असे घरात सर्वांनी विचारले. बाजारात स्वस्त पान्यांचा संच मिळतोच की! पण पान्याचे काम नीट समजून घेतले म्हणजे उत्तर सापडते. पान्यावर दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे आकडे असतात. हे आकडे मिलिमीटरचे. नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये जितके मिलिमीटर अंतर, तितक्या क्रमांकाचा पाना त्याला बसतो. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना नटाला चारी बाजूंनी वेढतो, म्हणून घट्ट बसलेला नट रिंग पान्यानेच सोडवावा. स्वस्त पान्याचे तोंड थोड्या दिवसांत पसरते. मग तो नटावरून घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि षटकोनी नट गोल होऊन बसतो. गोल झालेला नट काढायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी गिऱ्हाईक देत नाही. का द्यावी? याशिवाय पातळ पोलादी पट्ट्यांचे एक माप त्याने घेतले. त्याला फीलर गेज म्हणतात. प्लगच्या टोकांमधील किंवा व्हॉल्व्हजवळची फट त्याने मोजतात. पुष्कळ कारागीर ही फट नजरेनेच ठरवतात. अनुभवी माणसाची नजर चांगली असते, हे खरे. पण मापाची पट्टी दमत नाही आणि संध्याकाळी घाईलाही येत नाही.

बाजाराकडे जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी त्याला गाळा मिळाला. भाडे महिना पाच हजार. व्यवसाय सुरू केल्याची सूचना त्याने दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ऑनलाइन दिली. पहिल्या दिवशी मिठाई वाटली. दुसऱ्या दिवशी एकच गाडी आली, तीही हवा भरायला.

येथे एक साधा हिशोब मांडू. भाडे ५,०००, वीज ८००, कर्जाचा हप्ता सुमारे १,७००, चहा, फडकी व किरकोळ ५००. एकूण ८,००० रुपये. घरी दरमहा १२,००० द्यायचे. म्हणजे महिन्याला वीस हजार रुपये हवेत. शुक्रवारची सुट्टी व सण वजा केले तर कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे रोज आठशे रुपये. एका गाडीच्या सर्व्हिसिंगची मजुरी दोनशे रुपये धरली, तर रोज चार गाड्या आल्या पाहिजेत.

पहिल्या महिन्यात रोज सरासरी दोन गाड्या आल्या. मजुरी जमली दहा हजार, तूट दहा हजारांची. दुसऱ्या महिन्यात तीन गाड्या आल्या, तूट पाच हजारांची. वेगळे ठेवलेले पंधरा हजार रुपये असे बरोबर दोन महिन्यांत संपले. ते ठेवले नसते तर पहिल्याच महिन्यात हत्यारे विकायची पाळी आली असती. गॅरेजे काम येत नसल्यामुळे बंद पडतात, असे लोक समजतात. काम वाढत असतानाच ती पैशांवाचून बंद पडतात, असेही अनेकदा घडते.

तिसऱ्या महिन्यात रोज चार गाड्या येऊ लागल्या. वहीत वीस हजारांची मजुरी लिहिली गेली. हातात मात्र चौदा हजारच आले. सहा हजार रुपये उधारीत अडकले होते. शेजारी, नातेवाईक, शाळेतले सोबती. "पुढच्या आठवड्यात देतो" असे प्रत्येकाने सांगितले होते आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात खोट नव्हती. पण घरमालक चौदा हजार आणि वीस हजार यांतला फरक उधारीने भरून घेत नाही.

वहीचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगतो. मराठीत व्यापाराचे जे शब्द आहेत, ते तुम्हांला परके वाटणार नाहीत. जमा, खर्च, बाकी, नफा, दुकान, मजूर, कारागीर हे शब्द तुम्ही घरी रोज ऐकता. 'हिसाब'चा मराठीत 'हिशोब' झाला. उर्दूतला 'तकाज़ा' मराठीत 'तगादा' झाला. आणि त्याचा अर्थ इतका मुरला की आता तो बहुधा उधारीच्या मागणीसाठीच वापरतात. आपल्या तरुणाला मात्र शब्द ठाऊक असूनही तगादा लावणे जमत नव्हते.

त्या महिन्याच्या अखेरीस, भाडे द्यायला दोन दिवस उरले असताना, एक शेतकरी आपली शंभर सीसीची जुनी मोटारसायकल ढकलतच घेऊन आले.

"मिस्त्री, गाडी काळा धूर मारते. पिकअप नाही, ॲव्हरेज पार गेलं. गावाकडं दाखवली, तर म्हणे इंजिनाचं काम निघालंय. सात हजार सांगितले. तुम्ही किती घ्याल?"

"आधी बघू द्या काका. कधीपासून धूर मारते?"

"कांदा काढायला घेतला तेव्हापासून."

विचार करा. गिऱ्हाईक स्वतःच इंजिनाचे काम करून घ्यायला आले आहे. भाड्याचे पैसे नाहीत. 'हो' म्हटले, की त्या कामाची दोन हजार मजुरी मिळते. इंजिन उघडून पुन्हा बसवले तरी काकांना काही कळणार नाही. धडा म्हणून वाचताना उत्तर सोपे वाटते. गाळ्यात उभे राहून, घरमालकाचा चेहरा आठवताना, ते तितके सोपे नसते.

त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली. इंजिनातून निळसर धूर आला, तर तेल जळते आहे आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे, असे समजतात. काळ्या धुराचे कारण वेगळे. पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडली, म्हणजे ते पुरते जळत नाही आणि काजळी होते. त्याने प्लग काढला. त्यावर कोरडी काजळी होती, तेलाचा ओलेपणा नव्हता. मग एअर फिल्टर उघडला. शेतातल्या धुळीने तो पुरता बुजला होता. नाकावर कापड बांधून धावणाऱ्या माणसासारखी त्या इंजिनाची अवस्था झाली होती. मागचे चाक हाताने फिरवून पाहिले, तर तेही मोकळे फिरेना. ब्रेक जास्त कसलेला होता. म्हणजे गाडी ब्रेक दाबूनच धावत होती!

नवा फिल्टर घातला. प्लग साफ करून त्याची फट मापाने बसवली, कार्ब्युरेटर धुतला, ब्रेक आणि साखळी जुळवली. फिल्टरचे १८० आणि मजुरीचे २०० मिळून ३८० रुपये झाले. जुना फिल्टर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून काकांच्या हातात दिला.

"हा कशाला देता?"

"तुमचाच आहे. काय बदललं ते तुम्हांला दिसायला पाहिजे."

काकांनी पैसे दिले, फिल्टर पिशवीत टाकला आणि ते गेले. ना शाबासकी, ना आभार. भाड्यासाठी तरुणाने शेवटी थोरल्या भावाकडून पैसे उसने आणले. दोन महिने काकांचा पत्ता नव्हता. मग एका बाजाराच्या दिवशी त्यांच्याच गावच्या तीन गाड्या गाळ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकाने आल्या आल्या विचारले, "जुने पार्ट परत देतात, ते तुम्हीच का?"

उधारीवरही त्याने तोड काढली. सुट्या भागांची किंमत रोख घ्यायची, कारण ते पैसे आपले नाहीत. पार्टच्या दुकानदाराला द्यायचे आहेत. मजुरी मात्र आठवड्याचा पगार होईपर्यंत थांबेल. मागावर काम करणाऱ्या गिऱ्हाइकांना ही रीत सोयीची वाटली. एक-दोन सोबती रुसले. मला विचाराल तर 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावण्यापेक्षा हे बरे. पाटी सर्वांचाच अपमान करते आणि ज्याला उधार हवे असते तो ती वाचतही नाही.

गॅरेजातील एका कामाबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे. ते काम ब्रेकचे. बाकी कामात चूक झाली तर गाडी बंद पडते. ब्रेकच्या कामात चूक झाली तर ती थांबत नाही. गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो, तरी अनेकजण तो वापरायला भितात आणि त्याची निगाही ठेवत नाहीत. ब्रेकच्या पट्ट्यांना तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकणे किंवा हवेने उडवणे अगदी वाईट. तिच्यात काही वेळा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि अनेक वर्षांनी गंभीर आजार होऊ शकतो. ओल्या फडक्याने पुसून घेतले की काम भागते. आपल्या तरुणाने चाकाचा नट कसल्यावर त्यावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची पद्धत ठेवली. रेघ असेल तर नट कसला आहे, नसेल तर राहिला आहे. गाडी मालकाच्या हाती देण्यापूर्वी तो स्वतः एक फेरी मारून येतो. कितीही गर्दी असो.

दुसऱ्या वर्षी काम एकट्याला झेपेना. गल्लीतली एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "शाळेत लक्ष नाही. काही देऊ नका, फक्त काम शिकवा," ती म्हणाली. अशी लहान मुले तुम्ही अनेक ठिकाणी पाने उचलून देताना पाहिली असतील. कोणी त्यांना नावानेही हाक मारत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली बदल झाला, तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये नोकरीला ठेवणे हा गुन्हा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांनाही धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. तरुणाने त्या बाईला नकार दिला. पण नुसत्या नकाराने तिची अडचण सुटत नव्हती, हेही त्याला दिसत होते. दहावी झाल्यावर आयटीआयचा अर्ज मी स्वतः भरून देईन, असे त्याने त्या मुलाला सांगितले. पुढे काय झाले ते तुम्ही ठरवा. मदतनीस म्हणून त्याने आयटीआय झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा पगारावर घेतला.

गाड्या वाढल्या तसे जुने काळे तेलही वाढले. पूर्वी ते गटारात ओतण्याची किंवा धूळ बसावी म्हणून गल्लीत शिंपडण्याची रीत होती. गटारातले तेल शेवटी मोसम नदीत जाते. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. तरुणाने एक झाकणाचा पिंप ठेवला आहे. तो भरला की विकला जातो आणि त्याचे थोडे पैसेही येतात.

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे, की यातले शिक्षण कधी पुरे होत नाही. १९७२ साली आलेली बजाज चेतक स्कूटर टू-स्ट्रोक होती. तिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागे. सकाळी ती चालू होईना, की मालक तिला एका अंगावर तिरकी करीत आणि मग किक मारीत. सायलेन्सरमधला कार्बन काढणे हे त्या काळच्या कारागिरांचे हुकमी काम. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली आणि पुढे तसल्याच गाड्या रस्तोरस्ती दिसू लागल्या. पेट्रोलात तेल मिसळणे थांबले, कार्बनचे काम घटले, व्हॉल्व्हची फट जुळवणे आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. किती पेट्रोल सोडायचे ते आता सेन्सर आणि एक छोटा संगणक ठरवतात. अशा गाडीचा दोष शोधायला स्कॅनर लागतो. कर्ज फिटल्यावर तरुणाला दोन वाटा दिसत होत्या. शेजारचा गाळा घ्यावा, की स्कॅनर घेऊन पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे? त्याने स्कॅनर घेतला. जागा अपुरी पडते, गाड्या गल्लीत उभ्या राहतात, शेजारी कुरकुरतात. तरी माझ्या मते त्याने केले ते योग्यच. जागा पुढेही मिळेल. न समजणाऱ्या गाड्या परत पाठवण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

आता गल्लीत विजेवर चालणाऱ्या स्कूटरीही येऊ लागल्या आहेत. चेतक हे नावसुद्धा २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत आले. या गाडीला ना प्लग, ना फिल्टर, ना इंजिनातले तेल. टायर, ब्रेक, बेअरिंग आणि दिवे मात्र आहेत. परवा अशी एक स्कूटर त्याच्याकडे आली. त्याने ब्रेक जुळवून दिला आणि बॅटरीबद्दल विचारल्यावर सरळ सांगितले, "ते मी अजून शिकलो नाही. शिकलो की कळवतो." मग त्याने वहीत त्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहून घेतला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पान्यावरील आकडा काय दर्शवतो?
(आ) इंजिनातून काळा धूर केव्हा निघतो?
(इ) तरुणाने बारा वर्षांच्या मुलाला कामावर का ठेवले नाही?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वेगळे ठेवलेले पंधरा हजार रुपये कसे उपयोगी पडले?
(आ) शेजारचा गाळा घ्यावा की स्कॅनर? तुम्ही काय केले असते? का?

३. 'जमा, बाकी, नफा, तगादा' हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत चालणारे आणखी पाच शब्द शोधा.

४. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या गॅरेजला भेट द्या. तेथे वापरलेल्या तेलाचे काय करतात, ते विचारून मराठीत आठ-दहा ओळी लिहा.